६५ किलोतला न हरणारा पैलवान: ७० मध्ये न्यावा की थेट ७४ मध्ये?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका तालमीच्या वस्तादांचा प्रश्न असा आहे. पठ्ठ्या २० वर्षांचा, फ्रीस्टाइल खेळतो, गट ६५ किलो. दोन हंगाम झाले, जिल्ह्यात आणि विभागात त्याला कोणी हरवलेलं नाही. बऱ्याच कुस्त्या पहिल्याच फेरीत दहा गुणांच्या फरकाने संपतात. उंची ५ फूट ८ इंच, स्पर्धा नसते तेव्हाचं वजन साडेबहात्तर. यात्रेच्या फडात त्याने ऐंशी किलोच्या गड्यांनाही आस्मान दाखवलं आहे. गावातले जाणते म्हणतात, इथे आता त्याला जोड उरली नाही, थेट ७४ मध्ये उतरवा. काय करावं?

वस्ताद, माझं उत्तर आधी सांगतो. ६५ सोडा. येता हंगाम ७० मध्ये खेळवा. ७४ चा निर्णय त्यानंतर, चाचण्या घेऊनच. पण हे सगळं ‘जोड उरली नाही’ म्हणून करू नका. वरच्या गटात जाण्याचं खरं कारण तुमच्याच प्रश्नात आहे, ते म्हणजे साडेबहात्तर हा आकडा. जिंकत राहणं हे गट बदलण्याचं कारण होत नाही. जिल्ह्यात जोड नसेल तर त्याच गटात राज्यात आणि राष्ट्रीय स्पर्धेत जोड मिळते, आणि ६५ हा तर ऑलिम्पिकचा गट आहे. शरीर त्या गटात मावत नसेल, तर मात्र जिंकत असतानाच निघावं. हरायला लागल्यावर गट बदलला तर पोरगा दुबळा झालेला असतो आणि मनानेही खचलेला असतो.

हिशेब पाहा. ७२.५ वरून ६५ म्हणजे साडेसात किलो, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. मी लावतो तो ठोकताळा असा: अंगावर फारशी चरबी नसलेला पैलवान स्पर्धेबाहेर गटाच्या वर पाच टक्क्यांपर्यंत असेल तर त्याने त्याच गटात राहावं. पाच ते आठ टक्के असेल तर वय, उंची, दुखापती बघून ठरवावं. आठच्या वर गेला की वरचा गट. चरबी किती हे डोळ्यांनी ठरवू नका. बेंबीच्या बाजूला दोन बोटं सोडून कातडी चिमटीत धरा. जाड चिमट हाताला लागली, तर साडेसातातले तीन-साडेतीन किलो आठ आठवड्यांत आहारातून उतरतील आणि चित्र बदलेल. चिमट पातळ असेल, तर तो उतरवतो आहे ते पाणी आणि स्नायू. २० व्या वर्षी शरीर अजून भरतं आहे. दर हंगामाला हा उतार अवघड होत जाणार, सोपा नाही.

आता वजन कधी होतं ते महत्त्वाचं. व्यावसायिक बॉक्सिंग आणि एमएमएमध्ये (मिश्र मार्शल आर्ट्स) वजन साधारणपणे आदल्या दिवशी होतं, आणि गडी रात्रभर खाऊन-पिऊन रिंगणात उतरतो. आपल्याकडे २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने वजन कुस्तीच्या दिवशी सकाळी होतं आणि दोनेक तासांत मॅटवर उतरावं लागतं. एवढ्या वेळात पाणी थोडं भरून निघतं, पण स्नायूंतला साखरेचा साठा भरायला जवळपास पूर्ण दिवस लागतो. त्यामुळे सात किलो तोडलेला पैलवान पहिली कुस्ती जुन्या जोरावर मारून नेतो आणि तिसऱ्या कुस्तीच्या दुसऱ्या फेरीत त्याचे पाय जागेवर राहतात. जिल्ह्यात हे दिसत नाही, कारण तिथे त्याच्या कुस्त्या दीड मिनिटात संपतात. सहा मिनिटं पुरी खेळवणारा भेटला की दिसतं.

विजेत्याला यात आणखी एक फास आहे, आणि तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. एका गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात. पहिल्या दिवशी हरून बाहेर पडलेल्याचं वजन एकदाच होतं. जो अंतिम फेरीत किंवा पदकाच्या कुस्तीत पोचतो त्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होतं. म्हणजे गडी जितका चांगला, तितकं वजन तोडण्याचं ओझं मोठं. पहिल्या दिवशी तीन-चार कुस्त्या मारायच्या तर पाणी प्यावंच लागतं, खावंच लागतं; दोन-अडीच किलो सहज परत येतात आणि रातोरात पुन्हा उतरवावे लागतात. विनेश फोगाटने पॅरिसमध्ये ५० किलोत पहिल्याच कुस्तीत जपानच्या युई सुसाकीला हरवलं, अंतिम फेरी गाठली, आणि ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्याने ती बाद झाली. टोकियोत ती ५३ मध्ये खेळली होती. अमन सेहरावतने त्याच ऑलिम्पिकमध्ये ५७ किलोत कांस्य घेतलं. पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरल्याने त्याला एकही कुस्ती खेळता आली नाही. ही दोघं देशातली अव्वल माणसं. त्यांच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ उभे असतात. आपल्या तालमीत यातलं काय आहे?

खानदेशच्या उन्हात तर हा खेळ जिवावरचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा हवेत प्लास्टिकचा सूट चढवून पळवणं, बंद खोलीत शेगडी पेटवून घाम काढणं, जुलाबाच्या गोळ्या देणं हे सरळ बंद करा. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने याच प्रकाराने दगावले. त्यानंतर तिथे नियम बदलले आणि गट ठरवण्याआधी अंगात पुरेसं पाणी आहे का हे तपासणं सुरू झालं. तिथे तर थंडी होती.

आता यात्रेच्या फडातल्या ऐंशी किलोच्या गड्याबद्दल. जाणत्यांची सगळी भिस्त यावरच असणार. फडात वजनकाटा नसतो. पंच दोघांना शेजारी उभे करतात, दंडावर हात फिरवतात आणि जोड लावतात. समोरचा ऐंशीचा असला तरी तो वर्षभर मेहनत करणारा ऐंशी आहे की पोट सुटलेला ऐंशी, हे वजन सांगत नाही. मातीत पायाची पकड वेगळी, हालचाल संथ, आणि चितपट झाल्याशिवाय निकाल नाही. चपळ पोरगा दहा मिनिटं जड गड्याला फिरवून, दमवून मग घिस्सा मारू शकतो. मॅटवर ती मुभा नाही. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. मागे सरत राहिलात तर पंच निष्क्रियतेची ताकीद देतात, मग ३० सेकंदांत गुण मिळवा नाहीतर समोरच्याला एक गुण. वर्तुळाबाहेर पाय गेला की आणखी एक. वजनदार गड्याने नुसतं छातीने रेटत नेलं तरी तीन-चार गुण जातात. फडातली कामगिरी पोराचं काळीज दाखवते, आणि ते मोठं आहे यात शंका नाही. गट ठरवायला मात्र ती कामाची नाही.

मग थेट ७४ का नको? कारण ७४ मध्ये उतरणारा राज्य पातळीवरचा पैलवान एरवी ७७ ते ७९ किलोचा असतो. तुमचा साडेबहात्तरचा. त्याला वजन उतरवावं लागणार नाही हे खरं, पण तो सकाळच्या वजनानंतर मॅटवर येईल तेव्हा समोरचा त्याच्याहून दोन-तीन किलो भारी असेल, आणि ते दोन-तीन किलो चरबीचे नसतील. दोन वर्षं राज्य करणाऱ्या पोराला पहिल्याच फेरीत दोन वेळा भारंदाज (खाली पडलेल्याला कमरेतून कवळ घालून उलटवणं) बसला की तो काय शिकेल? वरच्या गटात जाताना त्या गटाच्या वरच्या काठाशी पोचून जावं. नुसतं खालच्या काठावर वजन बसलं म्हणून जाऊ नये.

आपल्या सुदैवाने मधला ७० आहे. पुरुष फ्रीस्टाइलमध्ये दहा गट आहेत: ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७, १२५. ऑलिम्पिकला यातले सहाच: ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. म्हणजे ऑलिम्पिकच्या दृष्टीने ६५ आणि ७४ यांच्यामध्ये नऊ किलोची दरी आहे, आणि ७० ही त्या दरीतली पायरी. काही वस्ताद म्हणतात, ७० ऑलिम्पिकला नाही, तिथे वर्ष का घालवायचं? २० वर्षांच्या पोराचं ते वर्ष वाया जात नाही. जागतिक, २३ वर्षांखालच्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत ७० आहेच, पदक आहेच, आणि त्या वर्षात त्याची ताकद पक्की होते.

मोठ्या पैलवानांकडून काय घ्यावं तेही बघा, कारण पोरं मोबाइलवर तेच बघतात. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला, म्हणजे ५२ किलोत, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य घेऊन आले. मध्ये चार वर्षं होती. रशियाचा अब्दुलरशीद सादुलाएव तर तुमच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. ८६ किलोत २०१४ आणि २०१५ चा जगज्जेता, २०१६ चा ऑलिम्पिक विजेता, त्याला त्या गटात जोडच नव्हती. २०१७ ला तो ९७ मध्ये गेला आणि पॅरिसच्या जागतिक अंतिम फेरीत अमेरिकेच्या काइल स्नायडरकडून एका गुणाने हरला. २०१८ ला बुडापेस्टमध्ये त्याच स्नायडरला त्याने अंतिम फेरीत चितपट केलं, आणि टोकियोचं सुवर्णही ९७ मध्येच घेतलं. त्याच्यासारख्यालाही नव्या गटाचं पहिलं वर्ष हार देऊन गेलं, आणि तो परत ८६ मध्ये पळाला नाही. इराणचा हसन याझदानी ७० मध्ये जागतिक रौप्य, मग रिओला ७४ मध्ये सुवर्ण, मग ८६ मध्ये जगज्जेता, असा एकेक पायरी चढला.

उलट बाजूही आहे. २०१४ पासून गट बदलले आणि ६६ चा गट गेला, तेव्हा सुशील कुमार ७४ मध्ये गेला. तोवर त्याने तिशी गाठली होती. राष्ट्रकुलचं सुवर्ण त्याने ७४ मध्ये घेतलं, पण जागतिक आणि ऑलिम्पिकचं पदक त्याला त्या गटात मिळालं नाही. योगेश्वर दत्त ६० वरून ६५ मध्ये गेला आणि २०१४ चं आशियाई सुवर्ण घेऊन आला. पाच किलोची उडी आणि आठ किलोची उडी यांतला फरक या दोन नावांत दिसतो. बॉक्सिंगमध्ये मेरी कोम ४५-४८ च्या आसपासची; लंडनला महिलांचा सर्वांत हलका गट ५१ चाच होता म्हणून ती वर गेली, आणि कांस्य आणलं. लवलीना बोर्गोहेनचा ६९ चा गट ऑलिम्पिकमधून गेला, ती ७५ मध्ये जाऊन २०२३ ला जगज्जेती झाली. तिची उंची आणि हातांची लांबी ७५ लाही पुरून उरते. लांब हाडाचा गडी वर टिकतो. आखूड, गोळीबंद गड्याला वर जास्त त्रास होतो, कारण त्याच्या अंगावर वाढायला जागा कमी असते. तुमचा पठ्ठ्या ५ फूट ८ इंचांचा आहे. ७० ला बरोबर, ७४ ला चालेल, ७९ ला तोकडा पडेल. म्हणजे त्याचं खरं घर पुढची पाच-सात वर्षं ७४ आहे, असं धरून योजना करा.

योजना आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून धरा. यात्रांचा मुख्य हंगाम तोवर ओसरतो, आणि दिवाळीपर्यंत साधारण २५ आठवडे हातात राहतात. या वेळात साडेबहात्तरचा ७४ करायचा आहे. म्हणजे फक्त दीड किलो, पण घट्ट. ७४ चा गडी ७० मध्ये उतरताना चार किलो, साडेपाच टक्के उतरवतो. हे झेपण्यासारखं आहे. वाढ महिन्याला एक किलोच्या वर गेली तर ती पोटावर जाते आहे असं समजा. दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, लंगोटावर वजन घ्या आणि कमरेला बेंबीच्या रेषेत टेप लावा. वजन वाढतंय आणि कंबर जागेवर आहे, तर बरोबर चाललंय. कंबर सहा आठवड्यांत दोन सेंटिमीटरने वाढली तर खुराक कमी करा.

खुराकाबाबत आपल्या भागात एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की तूप-बदाम वाढवले की ताकद वाढते. एक मोठा चमचा तूप १३० कॅलरी देतं आणि प्रथिन शून्य. चार चमचे वाढवलेत तर ५०० कॅलरी वाढल्या आणि स्नायूला काही मिळालं नाही. पोराला रोज वजनाच्या किलोमागे १.८ ग्रॅम प्रथिन लागेल, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास. घरातल्या जिनसांत मांडून दाखवतो. म्हशीचं दूध एक लिटर, साधारण ३७ ग्रॅम. ज्वारीचं पीठ ३०० ग्रॅम, म्हणजे भाकरी, ३० ग्रॅम. कोरडे हरभरे १०० ग्रॅम भिजवून, २० ग्रॅम. मूग किंवा उडदाची डाळ १०० ग्रॅम, २३-२४ ग्रॅम. अंडी चार, २४ ग्रॅम. बेरीज १३५ च्या घरात जाते. अंडी खात नसेल तर १०० ग्रॅम पनीर आणि एक वाटी दही धरा. हे सगळं एकदम रात्री न देता चार वेळांत वाटा, आणि त्यातली एक वेळ मेहनतीनंतर तासाभरात. सध्याच्या खाण्यावर रोज ३०० कॅलरींची भर पुरते: एक मोठा पेला दूध आणि एक केळं झालं. रावेर-यावलची केळी दारात असताना डब्यातल्या पावडरीची गरज नाही. जिममधून कोणी दिलेली बिनओळखीची पावडर किंवा ‘वजन वाढवायची’ गोळी तर अजिबात नको. बंदी घातलेलं औषध त्यात सापडलं तर पोराचं करिअर संपतं आणि बिचाऱ्याला कशामुळे संपलं तेही कळत नाही.

ताकदीच्या मेहनतीत बदल लागेल. हजार बैठका, पाचशे जोर, सपाट्या हे दम वाढवतात, आणि तो त्याच्याकडे आहे. पाच किलो जड गडी उचलायला वेगळी ताकद लागते. आठवड्यातून दोन दिवस लोखंड: खांद्यावर बार घेऊन बैठका, जमिनीवरून बार उचलणं, वजन बांधून पुलअप. चार ते सहा वेळा उचलता येईल एवढं वजन, चार-पाच सेट, मध्ये तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. दर दोन आठवड्यांनी अडीच किलो वाढवा. कंबर वाकून पाठ गोल होत असेल तर वजन तिथेच थांबवा. दोर चढणं चालू ठेवा, आणि मानेची मेहनत दुप्पट करा, कारण वरच्या गटात पहिला मार मानेला बसतो. समोरचा मानेवर हात टाकून लोंबकळतो आणि दोन मिनिटांत पोराचं डोकं खाली जातं. डोकं खाली गेलं की पट (पाय धरून पाडायचा डाव) निघत नाही.

मॅटवर त्याचे कोणते डाव वर टिकतील हे आता तपासून घ्या. एकेरी पट, म्हणजे एकच पाय धरून काढलेला, टिकतो, पण अट अशी की पाय हातात आल्यावर दोन सेकंदांत संपवला पाहिजे. ६५ मध्ये पोरगा पाय धरून, गुडघ्यावर थांबून, श्वास घेऊन मग उठतो. ७० मध्ये तो थांबला की समोरचा पाय मागे फेकून अख्खं वजन त्याच्या मानेवर टाकतो. पट तर जातोच, वर दोन गुण जातात. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या दुखापती याच अवस्थेत होतात, पाय खाली अडकलेला आणि वरून वजन पिळतंय. म्हणून पकडल्याबरोबर डोकं वर, छाती त्याच्या मांडीला चिकटलेली, आणि बाजूला वळून काढायचं. सरळ रेषेत उचलायला जायचं नाही. कलाजंग (समोरच्याला खांद्यांवर घेऊन टाकणं) टिकतो, कारण तो समोरच्याच्याच जोरावर चालतो. ढाक आणि धोबीपछाड हे फेकीचे डाव पहिल्या सहा महिन्यांत कमी वापरा; जड गडी अर्ध्यात बसला तर तोच वर येतो. आणि खाली पडल्यावरचा बचाव रोज दहा मिनिटं, वेगळा वेळ काढून. भारंदाजात समोरच्याचे हात बरगडीखाली जुळायच्या आत कोपर आत घ्यायचं, पोट मॅटला चिकटवायचं, कंबर त्याच्या दिशेने ढकलायची. हात जुळल्यावर केलेला बचाव उशिराचा असतो. फितल्यात (दोन्ही घोटे आवळून उलटवण्याच्या डावात) घोटे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, त्याच क्षणी एक पाय झटकून गुडघ्यावर यायचं.

जोडीदारांचं प्रमाण सांभाळा. आठवड्यातल्या लढतींपैकी निम्म्याहून जास्त त्याच्याच वजनाच्या मुलांशी, जिथे तो मनमोकळे डाव टाकतो. तिसरा हिस्सा ७४ च्या गड्यांशी. ८० च्या वरच्यांशी आठवड्याला एक-दोनच, तेही ठरवून, उभ्याने हात लढवण्यापुरत्या. रोज जड गड्याखाली चिरडलेला पोरगा बचावाचा पैलवान होतो. पट काढायचं विसरतो. गावात ७४ चे गडी नसतील तर महिन्यातून दोनदा धुळे, जळगाव किंवा मालेगावच्या तालमीत घेऊन जा, मॅट असलेल्या ठिकाणी.

मेहनत उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत संपवा. आधी आणि नंतर वजन घ्या. एक किलो उतरलं तर दीड लिटर पाणी पुढच्या दोन-तीन तासांत परत गेलं पाहिजे, नुसतं पाणी नको. एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. लघवी गडद पिवळी असेल त्या दिवशी लढती नाहीत.

७० साठीचं वजन कसं उतरवायचं तेही सांगतो, कारण चार किलोसुद्धा चुकीचे उतरवले तर सगळी मेहनत पाण्यात जाते. स्पर्धेच्या चार आठवडे आधी तूप, शेव, तळलेलं, गोड बंद, दूध-डाळ तेवढीच. यात दोन किलो जातात. शेवटचे तीन दिवस भाकरी, पालेभाजी, उसळ बंद आणि त्याऐवजी भात, अंडी, दही, केळं. आतड्यातला चोथा कमी होऊन अर्धा-पाऊण किलो उतरतं, ताकदीला धक्का लागत नाही. मीठ कमी करा, शून्य करू नका. झोपताना आणि उठताना वजन घेऊन पाच रात्रींचा हिशेब वहीत मांडा. बहुतेकांचं रात्रीत अर्धा ते पाऊण किलो आपोआप उतरतं. तो आकडा हातात असला की आदल्या संध्याकाळी किती वर झोपायचं हे कळतं, आणि घाम काढावा लागला तर तो अर्ध्या किलोच्या आसपासच राहतो. काटा आधीच पडताळा. तालमीतल्या आणि स्पर्धेतल्या काट्यात दोनशे ग्रॅमचा फरक सहज निघतो. वजन सिंगलेट (मॅटवरच्या कुस्तीचा पोशाख) घालून होतं आणि सिंगलेटच्या वजनाची सूट नसते, हे पोराला सरावाच्या काट्यावरच कळू द्या. जिल्ह्याला आयोजक कधी किलो-दोन किलोची सूट देतात, तिच्या भरवशावर तयारी करू नका.

दसऱ्याच्या सुमाराला चाचणी घ्या. एकाच दिवशी ७०-७४ च्या चार वेगवेगळ्या गड्यांशी पूर्ण सहा मिनिटांच्या चार कुस्त्या, मध्ये अर्धा तास. जिंकला की हरला याहून तीन गोष्टी वहीत लिहा. टाकलेल्या पटांतले किती गुणांत बदलले: ६५ मध्ये तो दहापैकी सहा-सात बदलत असेल, इथे चार आले तर तयार आहे, तीनपेक्षा कमी आले तर ७० साठी अजून वेळ हवा. वर्तुळाबाहेर किती वेळा रेटला गेला. आणि तिसऱ्या कुस्तीच्या दुसऱ्या फेरीत तो स्वतः पुढे जातो की मागे सरतो. हीच चाचणी पुढच्या वर्षी, तो एरवी ७७ चा झाला असताना, ७४-७९ च्या गड्यांशी घ्या, मग ७४ चा निर्णय करा.

आणखी एक मोह येईल, आत्ताच बोलून ठेवतो. आपल्याकडे नाव, गदा, मिरवणूक हे सगळं महाराष्ट्र केसरीला, आणि तो गट आहे ८६ ते १२५ किलोचा. तुमच्याच तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ सलग तीनदा गदा आणली, तेव्हापासून चाळीसगावकडच्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांसमोर तीच गदा आहे, आणि असावीच. पण ती जिंकणारे बहुतेक हाडापेराने मोठे असतात. ७४-७९ चा चांगला पैलवान नुसतं ८६ च्या रेषेत बसायला सात ते बारा किलो चढवतो, त्यातले बरेच पोटावर जातात, आणि समोर येतो १२० चा. वर्षभरात गुडघे जातात, चपळाई जाते, आणि परत ७९ मध्ये यायचं म्हटलं तर ते वजन उतरत नाही. ५ फूट ८ इंचांच्या पोराला या वाटेला लावू नका, गाव कितीही म्हणालं तरी. राज्य स्पर्धेत ७४ चं सुवर्ण आणि पुढे राष्ट्रीय पदक यांनी त्याला पोलीस, रेल्वे, सैन्याची दारं उघडतात.

परत खाली येण्याबद्दल थोडं. बॉक्सिंगमध्ये रॉय जोन्स ज्युनियर मार्च २००३ मध्ये हेवीवेटचा किताब जिंकला, त्याच वर्षी अंगावर चढवलेले स्नायू उतरवून परत खालच्या गटात आला, अँटोनियो टार्व्हरविरुद्ध जेमतेम निभावला आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत आडवा केला. वर जाऊन आलेलं शरीर खालच्या गटात पहिल्यासारखं राहत नाही. म्हणून ७० मध्ये पहिल्या दोन स्पर्धा हरला तरी ६५ ची प्रवेशिका भरू नका.

१५-१७ च्या मुलामुलींसाठी यातलं काहीच लागू करू नका. वाढत्या वयात गट धरून ठेवणंच चूक आहे. पोरं वाढतील तशी वर जाऊ द्या, वजन तोडायचं नाव काढू नका, आणि मुलीची पाळी दोन महिने चुकली तर आधी खाणं वाढवा, डॉक्टरांना दाखवा, गट नंतर बघू.

तुमच्या पठ्ठ्याचं पहिलं काम या सोमवारचं आहे: सकाळचं वजन, कमरेची टेप, बेंबीजवळची चिमट. चिमट जाड निघाली आणि आठ आठवड्यांत ताकद न घटता तो ६९ वर स्थिरावला, तर तो सहा टक्क्यांत बसतो आणि ६५ मध्ये आणखी एक वर्ष काढता येईल. पातळ निघाली, तर ७० ची तयारी त्याच दिवसापासून.